काळ्या दोऱ्याची नळी

“पण सर, जी अँटीबॉडी जास्त जोरात चिकटते तीच चांगली, यात माझं चुकलं कुठं?”

केतकीनं हे विचारलं तेव्हा शिकलगार सर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चुकलं असं मी म्हटलंच नाही,” ते म्हणाले. “सात नंबरचा कागद परत एकदा बघायला मागितला, एवढंच.”

“तो मी तुम्हाला तीनदा दिलाय.”

“हां... चौथ्यांदा दे.”

मी तिथंच होते. व्हरांड्यातल्या नळावर पेट्या धूत होते. माझं नाव शालन. मिरजेच्या बाहेर माळावर लशीवर काम करणारी आमची संस्था आहे. तिथं मी बावीस वर्षं काचसामान धुतलं, प्लेटा लावल्या, उंदरांना पाणी घातलं. शिक्षण नववी. पण बावीस वर्षं कान उघडे ठेवले की बरंच काही आपोआप आत जातं. सगळं समजतं असा माझा दावा नाही.

डॉक्टर बशीर शिकलगार निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. तरी आठवड्यातून चार दिवस ते यायचे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि येऊ नका म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण आमचे संचालक त्यांचेच विद्यार्थी.

केतकी आवटी त्यांची शेवटची विद्यार्थिनी, निवृत्तीनंतर घेतलेली. हुशार म्हणजे हुशारच. फक्त ते तिलाही माहीत होतं.

तिचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बायकांच्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे. पॅपिलोमा त्याचं नाव. त्याची लस करतात ती त्याच्या नुसत्या अंगरख्याची. बाहेरचं एक प्रथिन तयार करायचं. ते आपलं आपण पाच-पाच मिळून एकत्र येतं, आणि असे बहात्तर गट एकमेकांना धरून गोल टरफल बनवतात. आत काही नाही. विषाणू नाही, रोग नाही. शरीराला ते टरफल दाखवायचं. शरीर ते ओळखणाऱ्या अँटीबॉडी बनवतं, आणि पुढं कधी खरा विषाणू आला की त्या त्याला दारातच अडवतात.

माझी थोरली बहीण याच आजारानं गेली, अडतिसाव्या वर्षी. तेव्हा ही लस नव्हती. या टरफलांबद्दल मला जे वाटतं ते पगारापुरतं नव्हतं, हे इथंच सांगून टाकते.

तर केतकीनं टरफलं उंदरांना टोचली आणि त्यांच्यातून अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी काढून वाढवल्या. दहा प्लेटा, नऊशे साठ खळगे, खळग्याखळग्यात वेगळी अँटीबॉडी. मग तपासणी. प्लेटच्या तळाला टरफलं चिकटवायची, वरून एकेक अँटीबॉडी सोडायची, शेवटी रंगाचं पाणी घालायचं. अँटीबॉडीनं टरफल ओळखलं की खळगा पिवळा होतो. नाही ओळखलं तर पांढराच राहतो.

आमच्याकडं एक म्हणच पडली होती. पिवळ्याला फ्रीजर, पांढऱ्याला मोरी.

एक खळगा असा पिवळाधमक झाला की मशीनलासुद्धा आकडा मावेना. तो एक्केचाळिसावा. त्यातल्या अँटीबॉडीचं नाव पडलं के-४१. के म्हणजे केतकी. नाव तिनंच ठेवलं होतं. फिकट आणि पांढरे सगळे मोरीत गेले, आणि ओतले ते मीच.

आता के-४१ला राखणदार म्हणून दाराशी बसवायचं होतं. लशीची प्रत्येक खेप आधी तिच्यापुढं ठेवायची. रंग आला की टरफलं चांगली, जाऊ दे खेप बाहेर. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसून यावर शिक्कामोर्तब करणार होती. आणि त्याच बैठकीत सात नंबरची खेप सोडायची होती.

सात नंबरची गोष्ट वेगळी. मे महिन्यात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत, आमची कोल्ड रूम तीन दिवस बंद पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. सात नंबर आतच होती. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग केतकीनं ती के-४१नं तपासली. चांगल्या लशीला शंभर गुण धरले, तर हिला मिळाले एकशे अठरा.

संचालकांनी पेढे वाटले. सोमवारी ती लस चाचणी म्हणून जवळच्या गावांतल्या तीनशे मुलींना टोचायची ठरली.

यादीत माझी नात होती. दहा वर्षांची. तिच्या आईला मीच तयार केलं होतं.

सरांनी चौथ्यांदा कागद वाचला. मग माझ्याकडं वळले.

“शालनबाई, दूध तीन दिवस बाहेर राहिलं, आणि आधीपेक्षा गोड लागलं... तर तुम्ही काय कराल?”

“आधी माझी जीभ तपासून घीन,” मी म्हटलं.

सर हसले. केतकी हसली नाही.

लस म्हणजे दूध नव्हे, असं ती म्हणाली. मग बराच वेळ समजावत राहिली. थोड्या उष्णतेनं टरफलं जास्त घट्ट जमत असतील, विस्कळीत असलेली जुळून येत असतील, असं पूर्वी कुठंकुठं दिसलेलं आहे. तिचं ऐकताना मला पटत होतं. तिचं बोलणं नेहमीच पटायचं.

सरांनी शेंगांची टरफलं झाडली.

“उद्या सकाळी तुला तीन नळ्या देतो. तुझ्या अँटीबॉडीला विचार, कुठली चांगली. अट एकच. रोज करतेस तसंच करायचं. जास्त काळजी नको, कमी नको.”

“परीक्षा घेताय माझी?”

“तुझी कशाला... तिची.”

ती पाय आपटत गेली. अठ्ठावीस वर्षांची डॉक्टर बाई, पण पाय आपटले.

ती गेल्यावर सरांनी मला आत नेलं. तीन छोट्या नळ्या घेतल्या. पहिलीत नवी, शाबूत टरफलं, थेट फ्रीजमधली. तिच्या गळ्याला पांढरा दोरा. दुसरीत सात नंबर. लाल दोरा. तिसरीत परत पहिलीतलीच टरफलं, पण त्यात कुजक्या अंड्याचा वास मारणारं एक औषध घालून सरांनी ती दहा मिनिटं उकळायला लावली. ते औषध प्रथिनांच्या आतल्या गाठी सोडवतं आणि उकळी उरलंसुरलं उलगडते. टरफलाचं नाव राहत नाही. तिला काळा दोरा.

मी सरांना म्हटलं, मॅडमनी मला विचारलं तर काय सांगू?

“विचारणार नाही ती,” ते म्हणाले.

आणि खरंच विचारलं नाही. बुधवारी सकाळी नळ्या माझ्याच हातून घेतल्या, पण प्लेटा धुणाऱ्या बाईला काय माहीत असणार!

गुरुवारी दुपारच्या आत आकडे आले.

केतकी कागद घेऊन सरांच्या टेबलाशी आली. तोंडावर असा आनंद होता की मला तिची कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. तिनं मशीन दोनदा चालवलं होतं. पांढरी नळी शंभर. लाल एकशे सतरा. काळी एकशे बासष्ट.

“ही काळी कुणाकडून आणलीत सर? मला पाच वर्षांत अशी टरफलं एकदाही जमली नाहीत.”

“म्हणजे तिन्हींत ती चांगली?”

“प्रश्नच नाही.”

“हिच्यातून एखाद्या पोरीला टोचशील?”

“डोळे झाकून.”

“मग लिही.”

आमच्याकडं वहीत शाईनंच लिहायचं असतं, खोडायचं नसतं. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. तिनं झोकात लिहिलं. काळ्या दोऱ्याची नळी सर्वांत चांगली, लशीस योग्य. खाली सही, तारीख.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

“शालनबाई,” सर म्हणाले, “सांगा.”

मी सांगितलं. पांढरी म्हणजे नवी. लाल म्हणजे सात नंबर. काळी म्हणजे नवीच, पण उकळलेली.

“उकळलेली...?”

“धा मिनिटं. वासाचं औषध घालून.”

केतकी आधी माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी अदलाबदल केली असेल असं तिच्या मनात आलं, ते मला स्पष्ट दिसलं. मग तिनं काळ्या दोऱ्याची नळी उचलली, बूच काढलं, आणि आधी लक्षात न आलेला वास लांबूनच घेतला.

बूच परत लावायला तिला वेळ लागला.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं.

“पण सर,” ती शेवटी म्हणाली, आणि आवाज बारीक झाला होता, “पांढरी तर शाबूत होती. मग के-४१नं तिलाही रंग का दिला?”

सरांनी आपले दोन्ही तळहात एकमेकांना जोडले आणि तिच्यापुढं धरले.

“दोन हात जिथं मिळतात, तिथं बोट लाव.”

तिनं लावलं. दोन्ही हातांच्या मधल्या फटीवर.

सरांनी हात सोडले. एक टेबलाच्या या टोकाला ठेवला, एक त्या टोकाला.

“आता लाव.”

तिचं बोट हवेतच राहिलं.

“कुठल्या हातावर होती ती जागा?”

ती खाली बसली. मग सरांशी नव्हे, टेबलाशी बोलल्यासारखं बोलायला लागली. विषाणूला खरोखर धरणारी अँटीबॉडी ज्या जागेला पकडते, ती कुठल्याच एका प्रथिनावर नसते. दोन शेजारी एकमेकांना टेकतात तेव्हा ती जागा होते. त्यांना वेगळं केलं, उकळलं, की जागाच राहत नाही.

“आणि तुझी के-४१?” सरांनी विचारलं.

“ती... तळहातावरची रेघ ओळखते.” तिनं स्वतःचे हात जोडून बघितले. “हात जोडलेले असले की रेघ आत जाते. दिसतच नाही. हात सोडले की दिसते. उकळले की आणखी दिसते.”

“मग पांढऱ्या नळीत कशी दिसली?”

केतकीनं जोडलेले हात खाली घेतले.

“तू टरफलं प्लेटला कशी चिकटवतेस?”

“नेहमीसारखी. सोड्याच्या पाण्यात, रात्रभर, म्हणजे ती तळाला घट्ट...” ती थांबली. “घट्ट चिकटताना मोडतात. सगळी नाही. पण मोडतात. मी पाच वर्षं मोडलेल्यांनाच विचारत होते.”

“हां.”

“सगळेच असं करतात, सर.”

“हां...”

त्यांनी एवढंच म्हटलं. ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

दुपारभर ती मान खाली घालून काम करत राहिली. यावेळी टरफलं तळाला चिकटवली नाहीत. जुन्या फ्रीजरमध्ये सशाच्या अँटीबॉडी पडून होत्या. त्यांचा थर आधी दिला आणि त्यांच्याकरवी टरफलं हलक्या हातानं धरून ठेवली. मग के-४१ सोडली. पांढऱ्या दोऱ्याच्या टरफलांवर रंग जवळजवळ आलाच नाही. सात नंबरवर आला, चांगला पिवळा.

तरी तिची खात्री होईना. मेडिकल कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडं तिनं सात नंबरचा थेंब पाठवला. संध्याकाळी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो फोनवर आला. तिनं तो मलाही दाखवला, हे पहिल्यांदाच. गोल टरफलं अगदी तुरळक होती. बाकी सगळे तुकडे, फुटक्या बांगड्यांसारखे.

“त्या नऊशे साठांत खरी ओळखणारी असेल ना, सर?” तिनं विचारलं. “माझ्या प्लेटवर शाबूत टरफलं थोडीच होती. म्हणजे तिला रंग थोडाच आला असणार. फिकट.”

“फिकटांचं काय केलंस?”

तिनं माझ्याकडं बघितलं.

“मोरीत,” मी म्हटलं.

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला पाणी दिलं असतं. कोरडी बसून राहिली, आणि मला तिचा राग आला. पाच वर्षं मोरीत गेली याचं दुःख तिला होतं, आणि ते खरंच होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं सोमवार होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “सोमवारच्या यादीत माझी नात हाय.”

तिला हे माहीत नव्हतं.

“तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तुमी कधी इचारलं न्हाई.”

तिची मान खाली गेली.

मग तिनं सरांना विचारलं, उद्या समितीत काय सांगू. संचालकांनी आदेश छापून ठेवला होता. के-४१वरचा तिचा लेख एका मोठ्या मासिकात स्वीकारला गेला होता. जूनमध्ये तिची नेमणूक पुढं चालू ठेवायची की नाही ते ठरणार होतं, आणि ते संचालकांच्या हातात होतं. ती काही बोलली नाही तर सगळं सुरळीत पार पडणार होतं. रिकाम्या टरफलांच्या तुकड्यांनी कुणी आजारी पडत नाही. वीस-तीस वर्षांनी त्या तीनशेंतल्या एखादीला कॅन्सर झाला तर के-४१चं नाव कोण काढणार?

हे सगळं तिनं सरांना सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही.

“समितीत मी नाही,” सर म्हणाले, आणि घरी गेले.

गुरू असावा तर असा, असं लोक त्यांच्याबद्दल म्हणतात. त्या संध्याकाळी मला तसं वाटलं नाही. पोर बुडतेय आणि हा म्हातारा काठावर उभा राहून बघतोय, असंच वाटलं. रात्री घरी जाऊन मी सुनेला सांगून टाकलं, काहीही होऊ दे, सोमवारी पोरीला पाठवायचं नाही. मग झोपताना उरलेल्या दोनशे नव्व्याण्णव आठवल्या. त्यांच्या घरी कोण सांगणार होतं?

शुक्रवारी बैठकीत चहा द्यायला मीच होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

टेबलाभोवती सहा जण. कागदावर सहा सह्या लागणार होत्या, शेवटची केतकीची. संचालकांनी दोन शब्दांत विषय मांडला, तिचं कौतुक केलं, आणि कागद फिरवला. कुणी वाचला, कुणी नुसताच उलटला. पाच सह्या चहा निवायच्या आत झाल्या.

कागद केतकीपुढं आला. तिनं पेन उचललं नाही.

तिनं आपली वही उघडली आणि कालचं पान सगळ्यांपुढं सरकवलं. स्वतःच्या अक्षरातलं, स्वतःच्या सहीचं. उकळलेली नळी सर्वांत चांगली. मग तिनं मोजक्या शब्दांत काय झालं ते सांगितलं, आणि फोटो दाखवला. मधे एकदा पाणी प्यायली.

“के-४१ मोडकं टरफल ओळखते,” ती म्हणाली. “शाबूत नाही. सात नंबर मोडलेली आहे. मी सही करणार नाही.”

खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. संचालकांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला आठवण करून दिली की आकडे तिचेच होते. ती म्हणाली, हो, माझेच. एकानं विचारलं, मग दुसरी अँटीबॉडी आहे का तुमच्याकडं? ती म्हणाली, नाही. शोधायला किती दिवस लागतील? दीड वर्ष, कदाचित दोन. टेबलावर कुणीतरी पेन आपटलं.

टोकाला बसलेले एक वयस्कर गृहस्थ तिला समजावायला लागले. अहो, रिकामी टरफलं आहेत, त्यानं कुणाला अपाय तर होणार नाही ना? मुलींना बोलावून झालंय, गावांत निरोप गेलेत.

“अपाय होणार नाही,” केतकी म्हणाली. “उपायही होणार नाही. आणि त्या जन्मभर समजतील, की झालाय.”

मी हातातला ट्रे खिडकीत ठेवला.

सही नाही म्हटल्यावर कागद पुढं जाऊच शकत नव्हता. सात नंबर रद्द झाली. गावांत परत निरोप गेले. के-४१ला राखणदार करण्याचा विषय पुढं ढकलला, म्हणजे बासनात बांधला. बैठक उठताना संचालक केतकीकडं न बघता म्हणाले, तुमच्या नेमणुकीचं जूनमध्ये बघू.

तिनं वही बंद केली आणि बाहेर आली. मीही मागं गेले. कपबशा उचलायच्या होत्या, पण त्या तशाच राहिल्या.

शिकलगार सर व्हरांड्यात बसले होते. म्हणजे सकाळपासून तिथंच होते. चहासुद्धा मागितला नव्हता.

केतकी पायरीवर बसली. बैठकीत न आलेलं रडू आता आलं. सरांनी तिला रडू दिलं.

“पाच वर्षं गेली सर,” ती म्हणाली. “हातात काहीच उरलं नाही. ना अँटीबॉडी, ना लेख. बहुतेक नोकरीही नाही.”

माळावर ऊन तापलं होतं.

“आत सगळ्यांचा होकार होता?” सरांनी विचारलं.

“पाच जणांचा.”

“आणि तुझा?”

“नाही.”

सर उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी कुणाच्या डोक्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता.

“मग खरी लस होईल,” ते म्हणाले.